दाराची रीत

आई त्याला ‘रीत’ म्हणायची. ती नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. तिथल्या गोऱ्या मॅडम नाताळच्या आधी मुलींना सुरूच्या फांद्या वाकवून गोल हिरवं कडं करायला शिकवायच्या आणि त्याला ‘रीथ’ म्हणायच्या. मुलींनी त्याचं ‘रीत’ करून टाकलं. आईला तर तो मराठीच शब्द वाटायचा. नाताळात दाराला कडं बांधायची रीत आहे, म्हणून त्या कड्याचंच नाव रीत, यात चुकलं काय? पुढं मी इंग्रजी शिकले आणि मोठ्या तोऱ्यात तिला दुरुस्त करायला गेले, तर म्हणाली, “त्यांना नीट बोलता येत नव्हतं.” म्हणजे मॅडमना.

दुष्काळाची वर्षं नुकती सरली होती तेव्हा वडिलांची बदली मानवतला झाली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. हेडमास्तरांच्या शब्दावर आम्हाला बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात भाकरी थापायला लागल्या की आमच्या भांड्यांनाही कळायचं. कापसाचा हंगाम असला की जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत यायची आणि रुई उडून कुठंही बसायची, दोरीवरच्या धुण्यावर, दुधाच्या पातेल्यात, माझ्या वेण्यांवर.

गल्लीला आमच्याबद्दल एकच प्रश्न होता. “तुमी मूळचे कोन?”

“नगरचे,” आई सांगायची.

“नगरचे हो. पर मूळचे?”

“नगर जिल्ह्यातलेच.”

विचारणारी बाई दमून जायची. ‘किरिस्ताव’ हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता, पण त्याला कुठल्या पंगतीत बसवायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. अंदाज मात्र होता, आणि तो बरोबरच होता. माझे पणजोबा गावकुसाबाहेरून उठून मिशनच्या देवळात गेले होते. बौद्ध वस्तीत घर घेतलं असतं तर हे सगळं कुणी विचारलंही नसतं. वडिलांचे तिथले दोन सहकारी आमच्याकडं येऊन पोटभर जेवून जायचे. पण आईला समोरच्या दारातलं माणूस हवं होतं. ती बोर्डिंगात पन्नास मुलींत वाढली होती, दार लावून राहायची तिला सवयच नव्हती.

समोरच्या दारात काकू होत्या. आईच्याच वयाच्या, माहेर वालूरचं, हसऱ्या, आणि सासूच्या धाकात पुरत्या मुरलेल्या. त्या आईशी बोलायच्या भरपूर, पण देण्याघेण्याचा त्यांचा एक कायदा होता. आमच्याकडून कच्चं चालायचं. कढीपत्ता, लिंबू, वाटीभर गहू. विरजणसुद्धा चालायचं नाही. त्यांच्याकडून आमच्याकडं मात्र भाजी यायची, पुरणपोळी यायची, आणि ती देतानाही काकू आत यायच्या नाहीत. उंबऱ्यावरून “मास्तरीणबाई, भांडं आना” म्हणायच्या, आपल्या वाटीतलं आमच्या भांड्यात ओतायच्या आणि वाटी लगेच परत न्यायच्या. कारण वाटी आमच्याकडं राहिली असती तर ती रिकामी परत देता आली नसती. काहीतरी शिजवलेलं घालून द्यावं लागलं असतं, आणि मग ते काकूंना खावं तरी लागलं असतं नाहीतर सासूसमोर टाकावं तरी लागलं असतं. काकू बिचाऱ्या दोन्ही टाळायच्या. मला ते पुष्कळ उशिरा कळलं. आईला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

म्हणून पहिल्या नाताळाला आईनं मनाशी धरलं की गल्लीतल्या बायकांनी आपल्या घरात बसून आपल्या हातचं खायचं. सगळ्यांनी नाही तर निदान काकूंनी. घरोघर जाऊन तिनं सांगितलं, नाताळच्या दुपारी फराळाला या. सगळ्या म्हणाल्या, “येऊ की.” केकमध्ये तिनं अंडं घातलं नाही, कुणाला अडचण नको. पातेल्यात वाळू तापवून त्यात दुसरं पातेलं ठेवून तिनं तो भाजला. तो इतका कडक झाला की वडील म्हणाले, हा शाळेच्या घंटेजागी टांगता येईल. आईनं त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं.

रीत मात्र अडली. मानवतला सुरू कुठून आणायचा? आईनं मोडक्या टोपलीचं कडं काढलं आणि शाळेमागच्या कडुलिंबाचे डहाळे त्याला सुतळीनं बांधले. सुरूच्या खालोखाल बारीक पानांचं तेच एक झाड होतं. वर माझ्या वेणीची लाल रिबीन. वडिलांना विचारलं तर म्हणाले, लिंब शुभच, पाडव्याला गुढीला बांधतात ना. तेही मिशनचेच. आदल्या दिवशी सकाळी रीत दारावर चढली आणि थोड्या वेळात तिच्यावर रुई येऊन बसली. मॅडम सुरूवर मुद्दाम कापूस चिकटवायच्या, बर्फ म्हणून. आमच्याकडं तो फुकट पडला. आई एवढी खूश झाली की गल्लीत उभं राहून लांबून बघत होती.

काकूंच्या सासूबाई, त्यांना आम्ही आजी म्हणायचो, ओट्यावर बसून वाती वळत होत्या. त्यांनी हात थांबवला.

“काय बांधायलीस गं दाराला?”

“रीत आहे आजी.”

“रीत तर हायच. आमच्यातबी हाय. लेकरास्नी का?”

“हो, लेकरांसाठीच सगळं.”

“दोगांस्नी बी?”

“दोघांनाही.”

आजींनी माझ्याकडं पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि हात जोडले. मला वाटलं येशूला जोडले. “कवा उतरायची?”

“नवं वर्ष लागलं की चार-सहा दिवसांनी उतरवायची.”

“बरं. जप बाई,” असं म्हणून आजी वाती घेऊन आत गेल्या. आईला फार बरं वाटलं. ती वडिलांना म्हणाली, म्हातारीनं किती आपुलकीनं विचारलं बघा.

दुपारी आईनं करंज्या तळायला घेतल्या. तेलाचा वास गल्लीत गेला असेल नसेल, तोच समोरून आजींचा आवाज आला. “मास्तरीण, तळन करायलीस का? डोकं फिरलं का तुजं? बंद कर ते.”

आई झारा घेऊनच दारात आली. “उद्याचा फराळ आहे आजी.”

“फराळ? आसल्यात फराळ?” आजींनी पदर तोंडाला लावला, दारात उभ्या काकूंना दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. आईनं बराच वेळ त्या बंद दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, म्हातारीला तेलाचा वास सोसत नसेल. आणि उरलेल्या करंज्या तिनं खिडकी लावून तळल्या.

नाताळच्या दुपारी कुणी आलं नाही. आईनं सतरंजी अंथरली होती, ताटल्या मांडल्या होत्या, मला आणि भावाला नवे कपडे घालून दाराशी बसवलं होतं. गल्लीतून बायका जात होत्या, पण आमच्या दारापाशी आल्या की पलीकडच्या भिंतीला घसटून जात होत्या. जाता जाता नमस्कार मात्र करत होत्या. माझा भाऊ प्रत्येकीला उलट नमस्कार करत होता.

मग एक सायकल दाराशी थांबली. खाकी पिशवी लावलेला एक माणूस उतरला आणि त्यानं विचारलं, “पेशंट कुठं आहेत?” तो देवीची लस टोचणारा होता. देवीचा रोग तेव्हा सरकारनं संपवत आणला होता आणि कुठं नुसती कुणकुण लागली तरी हे लोक धावत यायचे. गल्लीतल्या कुणीतरी कळवलं होतं. त्यानं आम्हा दोघांचे तळहात पाहिले, तळपाय पाहिले, जीभ पाहिली. भावाच्या जिभेवर शंकरपाळा होता.

“अहो यांना तर काहीच नाही. मग दाराला लिंब कशाला?”

“ती रीत आहे,” आई म्हणाली.

“रीत मान्य आहे बाई. पण आल्यात कुणाला?”

त्यानंच मग समजावलं. घरात देवी आल्या, गोवर-कांजिण्या आल्या, की दाराला लिंबाचा डहाळा बांधतात. म्हणजे आत देवी आहे, बाहेरच्यानं येऊ नये. आणि त्या घरात तेवढे दिवस तळण नाही, फोडणी नाही, देवीला खपत नाही. आई ऐकता ऐकता खाली बसली. तो माणूस पोट धरून हसला, मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, काय फराळ केलाय ते आणा तरी. सतरंजीवर बसून त्यानं करंज्या खाल्ल्या, केकचा तुकडा चहात बुडवून मऊ करून खाल्ला. मूळचे कोण, हे त्यानं विचारलं नाही. टोचून घेतलंय का एवढंच विचारलं आणि आमच्या दंडावरचे व्रण बघून तो समाधानानं उठला. जाताना गल्लीत उभा राहून त्यानं मोठ्यानं सांगितलं, “देवी-बिवी काही नाही हो. पोरं ठणठणीत आहेत.”

आईनं लगेच रीत उतरवली. ताटल्या पुन्हा पुसल्या. ऊन अजून ओट्यावर होतं, फराळाची वेळ टळली नव्हती. आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो.

दुसऱ्या दिवशी नळावर काकू आणि आई इतक्या हसल्या की दोघींच्या घागरी भरून वाहिल्या. “आमी म्हनलं, दोनी लेकरं पडलीत आन् ही बया तळन करायलीय,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. आजीही हसल्या. गल्लीला वर्षभर पुरेल असा तो किस्सा झाला. आई घरी येऊन म्हणाली, “लिंब नसता तर आल्या असत्या सगळ्या.” वडील म्हणाले, “पण त्यानं ओरडून सांगितलं, त्यानंतरही वेळ होता की.” आईनं हातातली घागर इतक्या जोरात ठेवली की वडिलांनी तो विषय आयुष्यात परत काढला नाही.

त्या वर्षात मात्र काकू बदलल्या. आईला क्रोशाचं विणकाम फार सुंदर यायचं. काकू दुपारी आमच्या ओट्यावर शिकायला येऊ लागल्या. आधी ओट्याच्या कडेला, मग दाराच्या चौकटीला टेकून, आणि उन्हाळ्यात सरळ आत, सतरंजीवर. आईनं त्यांना रुमालाच्या कडा शिकवल्या, काकूंनी तिला ज्वारीच्या वड्या घालायला शिकवलं. एकदा आजी बाजारला गेल्या होत्या, ऊन मरणाचं होतं. काकूंनी बोलता बोलता उठून आमच्या माठातलं पाणी घेतलं आणि प्यायल्या. आईच्या हातातली सुई तशीच राहिली. काकूंनी पेला पालथा घातला, परत बसल्या आणि म्हणाल्या, “ह्यो टाका कसा घ्यायचा मनलात?” त्या दिवशी वडील शाळेतून आल्यावर आईनं त्यांना ते सांगितलं, जेवताना पुन्हा सांगितलं, आणि अंथरूण घालताना आणखी एकदा. वडील म्हणाले, “कळलं. पाणी प्यायल्या.”

दुसरा नाताळ आला. या वेळी आईनं गल्लीला बोलावलं नाही, फक्त काकूंना. काकू सुईवर डोळे ठेवून म्हणाल्या, “बगू.”

आता हा ‘बगू’ फार वाईट शब्द. तोंडावर नाही म्हणायचं नसलं की आपल्याकडं माणूस बघू म्हणतो, आणि हो म्हणायची छाती नसली तरी बघूच म्हणतो. दोन्हींतला कुठला, ते ओळखायचं कसं? आईनं पहिला धरला, नकाराचा.

मी शाळेच्या बागेतून आंब्याची पानं आणून ठेवली होती. तोरणाला चालतात, सणाला चालतात, कुणाला शंका घ्यायला जागा नको, हा माझाच शहाणपणा. आईनं टोपलीचं कडं काढलं, पानं हातात घेतली, एक पान बांधलंसुद्धा. मग सोडलं. पानं बादलीत ठेवली आणि मला म्हणाली, “जा, लिंब आण.”

“लिंब कशाला? आता माहीत आहे ना आपल्याला.”

“लिंबच आण.”

वडील वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, “लोक पुन्हा घाबरतील की.”

“आमची रीत आहे ती,” आई म्हणाली. तिचा आवाज असा होता की मी चपला न घालताच शाळेमागं गेले.

तेव्हा मला ते आईचं खूळ वाटलं. आज मला तिचं मन स्वच्छ दिसतं आणि म्हणूनच जास्त लागतं. आंब्याची पानं बांधली असती आणि काकू आल्या नसत्या, तर का आल्या नाहीत याला एकच उत्तर उरलं असतं, आणि त्या उत्तराशी तिला समोरासमोर राहायचं होतं, रोज, तीन हातांच्या गल्लीपलीकडं. लिंब असला म्हणजे दोष लिंबाचा.

काकू आल्या नाहीत. आईनं केक कापला, या वर्षी तो मऊ झाला होता. दुपार उतरल्यावर ती सतरंजी झटकत म्हणाली, “लिंब बघून आल्या नसतील.” आणि जणू कुणी तिच्याशी वाद घालत होतं अशी मान हलवली. बादलीतली आंब्याची पानं तिसऱ्या दिवशी मी उकिरड्यावर टाकली.

त्यानंतर काकूंचं विणायला येणं आधी कमी झालं आणि मग थांबलं. आई म्हणायची, सुगीची कामं असतील. सुगी संपली तरी त्या आल्या नाहीत. बोलणं होतं, कढीपत्ता होता, पण ओट्याच्या खालून. जूनमध्ये वडिलांची बदली जिंतूरला झाली. सामान गाडीत चढत होतं तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. आई त्यांच्याकडं गेली, दोघींनी एकमेकींचे हात धरले, दोघी रडल्या, आणि कुणीच काही विचारलं नाही. जिंतूरला आईनं नाताळात कागदाची चांदणी लावली. रीत तिनं परत कधी बांधली नाही.

पुष्कळ वर्षांनी, माझी मुलं शाळेत जायला लागल्यावर, एका लग्नासाठी मी मानवतला गेले. गल्ली तीच, फक्त ओटे गेले होते. काकूंनी मला आवाजावरून ओळखलं. आता त्या स्वतःच सासूबाई होत्या. मला सरळ स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी जेवायला वाढलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसून जेवल्या. मी हसत हसत लिंबाचा किस्सा काढला. त्या हसल्या नाहीत.

“खरं सांगू का बाई? पैल्या वर्षी लिंब बगून मला सुटल्यावानी झालं. सासूबाईला काय सांगावं ह्याचा घोर मिटला.” भाताशी चाळा करत त्या पुढं बोलल्या. “दुसऱ्या वर्षी मातर मी ठरिवलं हुतं. म्हातारी बोलली तर बोलू दे. न्हाले, ठेवनीतलं लुगडं नेसले, वाटीत साखर घेतली सनाची, आन् दारात आले. तर समोर लिंब.”

“पण तुम्हाला माहीत होतं ना, देवी नाहीत म्हणून?”

“मला म्हाईत हुतं. पर तिलाबी म्हाईत हुतं ना गं आता, लिंब कशासाठी बांधत्यात ते. म्हाईत आसून बांधला. म्हंजे येऊ नका म्हनायली. मी म्हनलं, वरीसभर मी उंबऱ्यावरनं वाटी माघारी न्हेली, त्याचा राग आसंल. तिचं काय चुकलं? आले तशी माघारी फिरले.”

“विचारायचं तरी काकू.”

“कसं इचारावं? रीत हाय म्हनली आसती.”

मी ताटातलं शेवटच्या शितापर्यंत संपवलं. त्या घरात अन्न टाकणं मला शक्य नव्हतं.

आईला हे सांगावं की नाही, यावर मी बसमध्ये बराच विचार केला. सांगितलं. वडील गेल्यापासून ती माझ्याकडंच राहायची. ती मेथी निवडत बसली होती आणि मी शेवटापर्यंत बोलले तरी तिचा हात थांबला नाही. मला वाटलं, आता वय झालं, तिला आठवत नसेल.

“साखर कशात आणली होती म्हणाली?”

“वाटीत.”

“तिच्या वाटीत?”

“हो.”

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. “सणाची साखर उंबऱ्यावरून ओतत नाहीत. म्हणजे वाटी ठेवून जाणार होती,” ती म्हणाली. आणि मग, जुडी परत उचलत, “केक मऊ झाला होता गं त्या वर्षी.”